अमळनेरच्या गच्चीवरच्या तीन छत्र्या: ठेवायची कोणती, काढायची कोणती?

अमळनेरमधल्या एका जुन्या केबलचालकाची कंट्रोल रूम भाड्याच्या दुमजली घराच्या गच्चीवर आहे. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात, इथेही तेच नाव चालवतो. गच्चीवर उपग्रहाचे सिग्नल पकडणाऱ्या तीन छत्र्या (डिश). एक बारा फुटी, ॲल्युमिनियमच्या जाळीची, गावातल्याच वेल्डरने केलेल्या पाइपच्या सांगाड्यावर उभी. दुसरी आठ फुटी, भरीव पत्र्याची. तिसरी जेमतेम दोन फुटी, कठड्याला ठोकलेली. मोठ्या दोघींचे पाय स्लॅबमध्ये बोल्ट मारून बसवलेत आणि नेमकं तिथूनच गेली काही वर्षं पाणी मुरतंय. खालच्या मजल्यावर देवघराच्या छताला पोपडे धरले, तेव्हा घरमालकांनी फेब्रुवारीत साफ सांगून टाकलं की पावसाळ्याआधी गच्ची मोकळी करून द्या, वॉटरप्रूफिंग करून घ्यायचंय.

आप्पांची नोंदणी स्वतःची आहे, पण जवळजवळ सगळे चॅनल आता फायबरवरून येतात. त्यामुळे धाकट्या मुलाचं मत एका वाक्यात संपलं: "सगळं भंगारात घाला." भंगारवाला येऊन जाळी हाताने चाचपून गेलासुद्धा. आप्पांचा जीव मात्र होईना. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी महिन्या-दोन महिन्यांत कुठे ना कुठे फायबर तोडतोच, आणि मग संध्याकाळभर फोन घ्यायला आप्पाच असतात. माझी नोकरी तालुक्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. "आते काय करानं सर, तुम्हीच सांगा."

छत्रीला स्वतःची अशी किंमत नसते. ती ज्या कोनात बघते तिथे वर काय उभं आहे, किती ताकदीचं आहे आणि किती वर्षं टिकणार आहे, यावर तिची किंमत ठरते. म्हणून आधी तिघी कुठे बघतात ते ठरवायचं, मग तिथला इतिहास काढायचा, आणि शेवटी पाना-हातोडा, असा क्रम लावला.

कोणती कुठे बघते

विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी मारतो. पृथ्वीही तेवढ्याच वेळात स्वतःभोवती फिरते, म्हणून खालून तो एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो. ही जागा रेखांशाने सांगतात. फेरीचा काळ तोच पण कक्षा थोडी कललेली असेल, तर उपग्रह रोज उत्तर-दक्षिण आठाच्या आकड्यात डोलतो; तो भूसंकालिक म्हणवला जातो, भूस्थिर नाही. छत्री एकदा आवळून विसरून जायची असेल, तर वरचा उपग्रह भूस्थिरच लागतो.

अमळनेर साधारण २१ अंश उत्तर, ७५ अंश पूर्व. इथून हा सगळा पट्टा दक्षिणेच्या आकाशात कमानीसारखा जातो आणि कमानीचा माथा ठीक दक्षिणेला सुमारे ६५ अंशांवर येतो. हिशेब केला तर ८३ अंशांवरचा उपग्रह उत्तरेपासून १५९ अंशांच्या दिशेला, ६४ अंश उंचीवर बसतो. ९३.५ चा १३७ अंशांच्या दिशेला, साडेसत्तावन्न अंश उंचीवर. १०५.५ चा १२१ अंशांच्या दिशेला, ४८ अंशांच्या जरा खाली.

चालू असलेल्या दोघींचा प्रश्न नव्हता, सिग्नलच सांगत होता: आठ फुटी ८३ ला, दोन फुटी ९३.५ ला. बारा फुटीवर मात्र एलएनबी, म्हणजे छत्रीच्या तोंडाशी बसून सिग्नल पकडणारा डबा, कित्येक वर्षं चालू नव्हता. मोबाइलमधलं होकायंत्र एवढ्या लोखंडाजवळ वाट्टेल ते दाखवतं. सांगाड्याच्या एका बाजूला एक उत्तर दिशा, दुसऱ्या बाजूला दुसरी. तिथे जुना छत्रीवाल्यांचा उपाय कामी आला. वर्षातून दोनदा, विषुवदिनाच्या आगेमागे, सूर्य रोज ठरावीक वेळी उपग्रहाच्या अगदी मागून सरकतो. आपल्या अक्षांशावर हे ११-१२ मार्चला आणि २ ऑक्टोबरच्या आसपास घडतं. त्या क्षणी, छत्री बरोबर लावलेली असेल तर, फीडहॉर्नची, म्हणजे छत्रीसमोरच्या त्या तोंडाची, सावली वाडग्याच्या नेमकी मध्यभागी पडते. मार्चमध्ये अमळनेरला १०५.५ साठी ही वेळ सकाळी दहा वीसची, ९३.५ साठी सव्वाअकराची आणि ८३ साठी बाराला दोन-तीन मिनिटं होऊन गेल्यावरची.

दहा वीसला बारा फुटीच्या जाळीवर सावली मधल्या प्लेटपासून वीतभर खाली पडली. म्हणजे दिशा १०५.५ चीच, फक्त वाऱ्या-वादळांनी ती थोडी कलंडली होती. बाराच्या सुमाराला आठ फुटीच्या मॉनिटरवर चित्राचे चौकोन झाले, मग काळा पडदा, आणि काही मिनिटांनी आपोआप सगळं सुरळीत. सूर्य हा रेडिओ लहरींचाही दणदणीत स्रोत आहे. तो उपग्रहामागे आला की त्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडतो. दरवर्षी या दिवसांत कित्येक केबलवाले एलएनबी बदलतात, नवीन एलएनबीने "फरक पडला" असं समजतात, आणि दुकानदाराचं भलं होतं.

बारा फुटीच्या डोक्यावर काय होतं

या छत्रीची कहाणी तिघींत सर्वांत भारी, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ती १९९३ च्या सुमाराला उभी राहिली. त्या काळी खानदेशातल्या तालुक्याच्या गावी अशी छत्री चढवली की लोक गल्लीत उभं राहून बघत. १९९१ मध्ये स्टार टीव्ही सुरू झालं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही, दोन्ही १०५.५ अंशांवरच्या एशियासॅट-१ वरून. हा उपग्रह मुळात आशियासाठी बनलाच नव्हता. अमेरिकेतल्या वेस्टर्न युनियनसाठी ह्यूज कंपनीने बांधलेला तो वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून त्याला सोडलं, पण वरच्या कक्षेकडे ढकलणारी घन इंधनाची मोटर पेटून लगेच विझली आणि तो खालच्या निरुपयोगी कक्षेत अडकला. त्याच उड्डाणातला इंडोनेशियाचा पलापा बी-२ सुद्धा त्याच कारणाने वाया गेला. विमा कंपन्यांनी पैसे भरले आणि दोन्ही उपग्रह परत आणायचं ठरलं. नोव्हेंबर १९८४ मध्ये डिस्कव्हरी यानातले जो ॲलन आणि डेल गार्डनर पाठीवर नायट्रोजनच्या झोताचं यंत्र बांधून बाहेर पडले, उपग्रह पकडले आणि यानाच्या पोटात घालून पृथ्वीवर आणले. वेस्टार-६ ची डागडुजी झाली, नाव बदललं, आणि ७ एप्रिल १९९० ला चीनच्या शीचांगहून लाँग मार्च-३ रॉकेटने तो पुन्हा वर गेला. चिनी रॉकेटचं परदेशी गिऱ्हाइकासाठीचं हे पहिलं व्यापारी उड्डाण. थोडक्यात, अमळनेरच्या घराघरांत ज्यावरून पहिल्यांदा हिंदी खासगी वाहिनी आली, तो उपग्रह एकदा अवकाशात जाऊन परत आलेला, सेकंडहँड माल होता.

आता छत्री बारा फुटीच का लागली? उत्तर उपग्रहाच्या आकारात आहे. एशियासॅट-१ हा ह्यूजच्या एचएस-३७६ जातीचा, पाण्याच्या पिंपासारखा गोल. त्याचं मूळ हॅरॉल्ड रोझेन या अभियंत्याच्या कल्पनेत आहे. १९४५ मध्ये आर्थर क्लार्क यांनी तीन भूस्थिर स्थानकांनी जग जोडता येईल असं लिहून ठेवलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं राहतील अशी अवजड स्थानकं होती. रोझेन आणि त्यांच्या ह्यूजमधल्या सहकाऱ्यांनी उलटं गणित मांडलं: रॉकेट दुबळं आहे ना, मग उपग्रहच इतका हलका करा की ते उचलेल. आणि तो स्थिर कसा ठेवायचा? गरागरा फिरवा. भोवरा फिरता फिरता आपोआप सरळ उभा राहतो, त्याला सतत सावरणारी गुंतागुंतीची यंत्रणा लागत नाही. सिन्कॉम-१ फेब्रुवारी १९६३ मध्ये वर पोचता पोचता मुका झाला. जुलैत सिन्कॉम-२ चाललं. तो पहिला भूसंकालिक संदेश उपग्रह. ऑगस्ट १९६४ मध्ये सिन्कॉम-३ खऱ्या अर्थाने भूस्थिर झाला आणि टोकियो ऑलिंपिकची चित्रं त्यावरून पॅसिफिकपार गेली. एप्रिल १९६५ मधला अर्ली बर्ड हा पहिला व्यापारी भूस्थिर उपग्रह: कक्षेतलं वजन ३४.५ किलो, २४० टेलिफोन जोडण्या.

पण फिरत्या पिंपाला एक मर्यादा असते. सौरघट त्याच्या अंगभर चिकटवलेले, आणि एका वेळी उन्हात येणार ते फक्त एका बाजूचे. वीज वाढवायची तर पिंप मोठं करायचं, आणि रॉकेटच्या टोपणात मावेल त्याहून मोठं करता येत नाही. एचएस-३७६ मध्ये त्यावर तोड म्हणून दुसरा दंडगोल पहिल्यावर चढवलेला असे आणि कक्षेत गेल्यावर तो खाली सरकवून सौरघटांची जागा वाढवत. एवढं करूनही वीज हजार वॉटच्या आसपासच. ती चोवीस ट्रान्सपाँडरांत, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा खाली सोडणाऱ्या संचांत, वाटली की एकेका ॲम्प्लिफायरच्या वाट्याला दहा वॉटच्याही आतली ताकद येते. घरातल्या एलईडी बल्बएवढा हा प्रकाश अर्ध्या आशियावर पसरवायचा. जमिनीवर ते चिमूटभर सिग्नल गोळा करायला बारा फुटांची ओंजळ लागणार, यात नवल नाही.

हीच गोष्ट त्याआधी याहून ठळकपणे पुणे जिल्ह्यात घडलेली आहे. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ च्या सुमाराला उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं, त्याच्या अँटेनाचा व्यास २९.७ मीटर. वर हलके उपग्रह, खाली अख्ख्या वाड्याएवढी छत्री. तिथून अमळनेरच्या गच्चीवरच्या बारा फुटांपर्यंत आणि पुढे दोन फुटांपर्यंत जे झालं, ते वजन जमिनीवरून उचलून आकाशात नेणं. तीन छत्र्यांची मापं वाचायची ती अशी.

१०५.५ ची पुढची गंमतही सांगण्यासारखी आहे. म्हाताऱ्या एशियासॅट-१ च्या जागी येणारा एशियासॅट-३ डिसेंबर १९९७ मध्ये प्रोटॉन रॉकेटच्या वरच्या टप्प्याने दगा दिल्यामुळे भलत्याच कक्षेत पडला. विमा पुन्हा भरला गेला, उपग्रह ह्यूजकडे आला, आणि त्यांनी १९९८ मध्ये तो दोनदा चंद्राला वळसा घालून, चंद्राच्या ओढीचा वापर करत, भूसंकालिक कक्षेत आणला. पण आशियाच्या कामाला तो आला नाही, १०५.५ वर १९९९ मध्ये गेला तो दुसरा, एशियासॅट-३एस. या सगळ्या भानगडीत आप्पांनी छत्रीचा एक नटही हलवला नाही. वर उपग्रह बदलले, जागा तीच राहिली. बदललं ते गच्चीखालचं यंत्र, ॲनालॉग रिसीव्हर जाऊन डिजिटल आले. नंतर मात्र आप्पांच्या उपयोगाच्या वाहिन्या एकेक करून तिथून दुसरीकडे गेल्या आणि छत्री नुसती कावळ्यांची झाली.

आठ फुटी: ८३ अंश

इथला वंश भारतीय. त्याची सुरुवात ॲपल या उपग्रहापासून धरतात. जून १९८१ मध्ये युरोपच्या एरियान रॉकेटच्या चाचणी उड्डाणात फुकटात जागा मिळाली आणि ६७० किलोचा हा प्रायोगिक उपग्रह गेला. ॲपल बैलगाडीवर ठेवलेला तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. लाकडी गाडी घेतली कारण अँटेनाच्या चाचणीत आसपास धातू नको होता. गरिबीचं प्रदर्शन म्हणून तो फोटो फिरवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. ॲपलचं दोनपैकी एक सौरपंख उघडलंच नाही, तरी तो दोन वर्षांहून जास्त चालवला.

कामाचे उपग्रह आधी अमेरिकेच्या फोर्ड एरोस्पेसकडून बनवून घेतले. इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि दिशा सावरण्याचं इंधन संपून सप्टेंबरात मेला. १बी ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजरने रात्री सोडला. त्याचाही सौरपंख अडकला होता, तो कसाबसा उघडला आणि मग त्याने वर्षानुवर्षं दूरदर्शन गावोगावच्या छोट्या प्रक्षेपकांपर्यंत पोचवलं. १सी ची निम्मी वीज गेली. १डी तर उड्डाणाआधी मंचावरच क्रेनचा हूक लागून जायबंदी झाला, दुरुस्त होऊन जून १९९० मध्ये गेला. चारांपैकी दोन धड चालले. हे वाचल्यावर इस्रोने इन्सॅट-२ मालिका बंगळुरात स्वतः बांधायला का घेतली, हे वेगळं सांगावं लागत नाही. २ए जुलै १९९२ मध्ये गेला.

हे उपग्रह फिरत्या पिंपाचे नाहीत. चौकोनी धड तीन अक्षांवर स्थिर, आतल्या चक्रांनी आणि छोट्या झोतांनी सावरलेलं, आणि बाहेर सूर्याकडे तोंड फिरवत राहणारे सौरपंख. सगळे घट एकदम उन्हात. वीज वाढवायची तर पंखाला आणखी एक घडी जोडायची. ८३ अंशांवर २००५ च्या डिसेंबरात पोचलेल्या इन्सॅट-४ए मध्ये सी-बँडचे (लांब लहरींचा पट्टा) ॲम्प्लिफायर ६३ वॉटचे आणि केयू-बँडचे (आखूड लहरींचा) १४० वॉटचे होते. दहाच्या आतून एकदम इथे. शिवाय शलाका, म्हणजे लहरींचा झोत, अर्ध्या आशियाऐवजी भारत आणि आसपासच्या भागापुरती आवळलेली, म्हणजे तीच ताकद कमी जागेत.

त्याच जागी २०१२ मध्ये जीसॅट-१० गेला आणि ४ए निवृत्त झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ३,३५७ किलोचा जीसॅट-३०. धाकट्याने विचारलं, एकाच अंशावर दोन-तीन उपग्रह आदळत कसे नाहीत? प्रत्येकाला नेमून दिलेल्या जागेपासून साधारण ०.१ अंश इकडेतिकडे मुभा असते. ऐकायला कमी वाटतं, पण त्या उंचीवर ०.१ अंश म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर. कर्नाटकातल्या हासनचं इस्रोचं मुख्य नियंत्रण केंद्र त्यांना एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर खेळवत ठेवतं. आठ फुटी छत्रीची शलाका सी-बँडमध्ये दोन अंशांची, तिला ते सगळे एकच दिसतात.

दोन फुटी: ९३.५ अंश

हिच्याबद्दल थोडक्यात. दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये ९५ अंशांवरच्या परदेशी एनएसएस-६ वरून सुरू झाली, मार्च २००७ मध्ये इन्सॅट-४बी गेल्यावर ९३.५ वर आली. आप्पांनी तेव्हा छत्री दीड अंश सरकवली. जुलै २०१० मध्ये ४बी च्या सौर वीजपुरवठ्यात बिघाड होऊन त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच जागी जीसॅट-१५ गेला, ३,१६४ किलोचा.

दोन फूट पुरतात त्याला दोन कारणं आहेत. वरची ताकद, आणि लहर. ११ गिगाहर्ट्झच्या आसपासची केयू लहर पावणेतीन सेंटिमीटरची, सी-बँडची साडेसात. लहर आखूड तितकी छोटी छत्री तेवढीच नेमकी बघते. सी-बँडला वरून कितीही वीज दिली तरी छत्री फार लहान करता येत नाही. त्याच पट्ट्यात जमिनीवरचे मायक्रोवेव्ह टॉवरही चालतात, म्हणून उपग्रहाने खाली किती जोर लावायचा याला आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. केयूची किंमत पावसात मोजावी लागते. मोठ्या सरीत पाण्याचे थेंब ही आखूड लहर गिळतात, सी-बँडला मात्र पाऊस जवळपास जाणवत नाही.

निर्णय

धाकट्याचं म्हणणं मी खोडून काढलं नाही. रोजच्या कामाला फायबरच बरी. वरही आता टीव्हीपेक्षा इंटरनेटसाठीच वजन चढवतात: डिसेंबर २०१८ चा जीसॅट-११ तब्बल ५,८५४ किलोचा, नोव्हेंबर २०२४ मध्ये फाल्कन-९ वरून गेलेला जीसॅट-एन२ ४,७०० किलोचा, दोघेही देशावर छोट्या छोट्या शलाकांचं जाळं टाकणारे. पण प्रश्न रोजचा नव्हताच. फायबर तुटते त्या संध्याकाळी काय दाखवायचं, हा प्रश्न होता. आणि फायबर बहुधा तुटते ती पहिल्या पावसाच्या धामधुमीत, झाडं पडतात, खड्डे खणले जातात तेव्हा. म्हणजे राखीव सोय पावसात टिकणारी हवी. दोन फुटी तिथे एकटी पुरणार नाही. आठ फुटी राहणार, हे इथेच ठरलं.

मग आप्पांनी विचारलं की बारा फुटीच ८३ कडे फिरवली तर? मोठी आहे, सिग्नल जास्तच येईल. येईलही, पण त्या जास्तीचं करायचं काय? तिचं माप दहा वॉटच्या उपग्रहासाठी होतं. ६३ वॉटच्या पिढीला आठ फूट भरपूर झाले. उलट बारा फुटांची शलाका दीड अंशापेक्षा बारीक, त्यामुळे वादळात जरा कलली की सिग्नल गेला. आणि वाऱ्याला तोंड देणारं क्षेत्र साडेदहा चौरस मीटर. मे महिन्यात तापीकाठच्या केळीच्या बागा एका रात्रीत आडव्या करणारं वादळ हे क्षेत्र कसं धरतं, ते त्या बोल्टांभोवतीच्या भेगा सांगत होत्याच. बारा फुटी जाणार.

दोन फुटीला स्लॅबची गरजच नाही. ती कंट्रोल रूमच्या भिंतीवर आडव्या क्लॅम्पने लावली. सूर्याच्या दिवसांत तिचा अंधार सव्वाअकराला आणि आठ फुटीचा बारानंतर, दोघी एकदम कधीच आंधळ्या होत नाहीत. हा फायदा आयताच मिळाला.

राहिली आठ फुटी, आणि घरमालकांची अट. इथे सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली होती की छत्री म्हणजे गच्ची. युरोपात उपग्रह क्षितिजालगत दिसतात, तिथे उंची लागते. आपल्याकडे ८३ अंश ६४ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर आहे. मग परसात का नको? परसाच्या आग्नेयेला शेजाऱ्यांचं घर, पंचवीस फूट उंच, ठरवलेल्या जागेपासून अठरा फुटांवर. छत्रीचा खालचा काठ जमिनीपासून तीन फूट धरला, तर ६४ अंशांनी वर जाणारी शलाका त्या भिंतीशी पोचेपर्यंत एकोणचाळीस फुटांवर गेलेली असते. चौदा फूट मोकळे. हाच हिशेब १०५.५ साठी केला तर शलाका तेवीस फुटांखाली भिंतीत घुसते. बारा फुटी परसात ठेवून चाललीच नसती.

एप्रिलच्या शेवटी काम झालं. जाळी भंगारात गेली, पाइप घरमालकांनी वेलाच्या मांडवाला ठेवून घेतले. परसात खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये चार इंची पाइप उभा केला. इथे घाई केली की पुढे सगळं बिघडतं: पाइप ओळंब्यात नसेल तर दिशा फिरवताना उंचीही बदलते आणि माणूस दिवसभर आकाश चाचपत बसतो. ओळंबा दोन बाजूंनी लावून, काँक्रीट पूर्ण धरू दिलं. मग उंचीचा कोन ६४ वर बांधला, छत्री हळूहळू डावी-उजवी नेली, मीटरची सुई उठली तिथे थांबवलं, आणि शेवटी एलएनबी आपल्याच अक्षाभोवती थोडा थोडा फिरवत ध्रुवण, म्हणजे लहरीच्या डोलण्याची दिशा, जुळवलं. नट आवळताना छत्री दरवेळी केसभर सरकते, म्हणून चारही नट थोडे थोडे, आलटून पालटून.

एक अडचण निघाली. पूर्वी केबल तीस फूट होती, आता परसातून गच्चीपर्यंत शंभरच्या घरात गेली. एलएनबी सी-बँड खाली आणून ९५० ते १४५० मेगाहर्ट्झवर देतो, आणि त्या वारंवारतेला साधी आरजी-६ केबल सिग्नल बराच खाते. वरच्या टोकाचे दोन चॅनल अडखळत होते. तिच्याऐवजी जाड आरजी-११ टाकल्यावर थांबले.

जूनमध्ये फायबर तुटली, अपेक्षेप्रमाणे पावसातच. आठ फुटीवरून फुकट वाहिन्या, बातम्या आणि दूरदर्शन चालू राहिलं; पैशांच्या वाहिन्या गेल्या, कारण त्यांचे डीकोडर आप्पांकडे आता नाहीत. मालिका बुडालेल्यांचे फोन आलेच. बातम्या बघणाऱ्यांचे आले नाहीत.

ऑक्टोबरचा तक्ता कंट्रोल रूमच्या दारामागे चिकटवलाय: २ तारखेच्या मागे-पुढे काही दिवस, ९३.५ ला अकराच्या पाच-सहा मिनिटं आधी, ८३ ला पावणेबाराच्या आत-बाहेर. कुणीही एलएनबीला हात लावायचा नाही. आणि शेजारी तिसरा मजला चढवायच्या बेतात आहेत. घर पस्तीस फुटांवर गेलं तरी ८३ ला चार फूट शिल्लक राहतात, पण आमच्या बाजूच्या कोपऱ्यावर स्टँडसकट पाण्याची टाकी आली तर तेही जातील. टाकी पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवा, हे शेजाऱ्यांच्या गळी उतरवायचं काम आप्पांनी स्वतःकडे घेतलंय.